सीझनमधले दोन होकार

होळी झाली की आमच्या गोदामाचं शटर पूर्ण वर जातं. वर्षभर ते अर्धंच उघडत असतं, वाकून आत शिरण्यापुरतं. मग खसचे, म्हणजे वाळ्याचे, भारे येतात, दोरीनं आवळलेले, खडखडीत कोरडे. मागच्या वर्षीच्या जाळ्या रंगवून उन्हात ठेवल्या जातात, पंप ओळीनं मांडून तपासले जातात. पहिल्या दिवशी खसची एक ताटी बसवून कूलर चालवून पाहायचा, हा वडिलांपासूनचा रिवाज. वरून पाणी झिरपत येतं, खस ओला होतो आणि तो वास दुकानभर पसरतो. अख्खं नागपूर या वासावर दुपारी झोपी जातं. मला मात्र तीन वर्षांपासून तो आला की बसवत नाही. हातातला पाना ठेवून मी दुकानाच्या दारात जातो, सदर भागातल्या आमच्या रस्त्यावर पांढरं होत चाललेलं ऊन बघतो, परत येतो. मोबाइल उघडतो, बंद करतो. कोणाचा निरोप यायचा नसतो. तरी काहीतरी ठरायचं राहिलंय आणि मुदत संपत आलीय, असं दिवसभर वाटत राहतं.

त्या वर्षी खरोखरच ठरायचं राहिलं होतं. माझ्या बायकोला, प्रज्ञाला, दोन विद्यापीठांनी होकार कळवला होता आणि दोन्ही होकार भर सीझनमध्ये आले होते.

प्रज्ञाची आणि माझी ओळख एका अभ्यासिकेतली. दोघंही स्पर्धा परीक्षेची तयारी करत होतो. तिथं एकच मोठा कूलर होता आणि त्याच्यासमोरच्या जागेसाठी मुलं सकाळी सहाला येऊन पुस्तकं मांडून ठेवत. प्रज्ञा मात्र मुद्दाम लांब, भिंतीकडे बसायची. वाऱ्यानं पानं उडतात, म्हणायची. पानं उडू नयेत म्हणून उकाडा सोसणारी मुलगी मी आधी पाहिली नव्हती. पुढे आम्ही दोघंही त्या परीक्षांमधून बाहेर पडलो. वडिलांचे गुडघे गेले तसा मी दुकानात आलो. तिला एका संस्थेत काम मिळालं, कळमेश्वर तालुक्यातल्या अंगणवाड्यांचं. रोज सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी केसांत धूळ घेऊन यायची. लग्न झालं, मित्रा झाली. खरं नाव संघमित्रा, पण एवढं लांब नाव हाक मारायला कोणालाच परवडत नव्हतं.

प्रज्ञाच्या डोक्यात शिकण्याचं पुन्हा कधी आलं, ते मला ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात वरून अंगणवाड्यांचं वेळापत्रक आलं. पोरांचं जेवण भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत. तिनं कळवलं की इथं त्या वेळेला पोरं जेवत नाहीत, झोपतात, काहींना उलट्या होतात. उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा कळवलं. मग तिच्या साहेबांनी समजावलं की, मॅडम, हे आपल्या हातात नाही. त्या संध्याकाळी ती घरी आली, चप्पल न काढताच पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "हे कोण ठरवते, मिलिंद? जो ठरवते, त्याच्या शेजारी जाऊन बसाचं आहे मले."

मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए. करता येतं, हे मला तिच्याकडून कळलं. दुकानात येणाऱ्यांना सांगितलं तर ते विचारत, म्हणजे पुढे कलेक्टर होतात काय? नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा. तिनं वर्षभर बसच्या प्रवासात अर्ज लिहिले. मोबाइलवर, अंगठ्यानं, खिडकीच्या गजाला खांदा टेकवून. मला वाटत होतं, होणार नाही काही, आणि त्या वाटण्यात एक निवांतपणाही होता.

मग एका आठवड्यात दोन्ही आले. पहिलं दिल्लीचं विद्यापीठ. नाव मोठं, शिकवणारे मंत्रालयांमध्ये काम केलेले, शिकतानाच अशा कचेऱ्यांमध्ये पाठवणार जिथं खरोखर काही ठरतं. शिष्यवृत्ती मात्र नाही. नागपूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी दिल्ली. दुसरं युरोपात, पार उत्तरेकडच्या एका छोट्या गावातलं. फी माफ, राहण्याजेवण्याचा खर्च त्यांचा, जाण्यायेण्याचं एक तिकीटही त्यांचंच. फक्त तिथं कुटुंब नेता येत नव्हतं आणि दोन वर्षं तिथंच राहायचं होतं. गावाचं नाव आम्हा दोघांना नीट उच्चारता येत नव्हतं. मित्रानं नकाशावर शोधून बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट नागपूरवर ठेवलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. एवढंच करून ती खेळायला निघून गेली.

मला तेव्हाचे दिवस सलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. कूलर मागणाऱ्या लग्नाच्या हॉलवाल्यांचे फोन. हाताला चिकटलेले खसचे बारीक तंतू, जे जेवतानाही बोटांवर असायचे. एका गिऱ्हाइकाला मोटरची हमी सांगताना मी मध्येच थांबलो आणि काय सांगत होतो तेच विसरलो, त्याचा गोंधळलेला चेहरा आठवतो. प्रज्ञाचं तर चित्तच थाऱ्यावर नव्हतं. सकाळी भाजी चिरताना दिल्ली ठरायची. दिल्लीतली माणसं ओळखीची होतील, पुढे काम इथंच करायचं आहे, तर इथल्या कचेऱ्या माहीत हव्यात. डबा भरेपर्यंत तिला वाटायचं, पण पैसे. संध्याकाळी बसमधून उतरेपर्यंत उत्तरेकडचं गाव ठरलेलं असायचं. तिथं शिकून आलेल्या एका बाईशी ती फोनवर बोलली होती. त्या म्हणाल्या होत्या की दिल्लीत माणसं मिळतात, तिथं वेळ मिळतो. नुसतं वाचायला, विचार करायला वेळ. प्रज्ञा ते वाक्य दोन-तीन दिवस घोळवत होती. मग तिनं अचानक घरातली सगळी कपाटं आवरायला काढली. स्वयंपाकघरातले डबे उतरवून पुसले, परत लावले, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवले. मीही दुकानात तेच करत होतो, पंपांच्या रांगेशी.

माणसाला घर सोडून जायचं असतं तेव्हा घर फार जवळ येतं. तिला तेव्हा मित्राच्या फ्रॉकची उसवलेली शिलाई दिसायला लागली, गच्चीच्या टाकीचं झाकण दिसायला लागलं, माझ्या कानावरचे दोन पांढरे केस दिसायला लागले. ती एकेक गोष्ट बघून ठेवत होती. कोणत्या गावी जायचं हे ठरलं नव्हतं, पण जाण्याचा सराव सुरू झाला होता.

तिचे वडील, आमचे मामाजी, दोन गल्ल्या सोडून एकटेच राहतात. गिरणीत होते, ती बंद पडल्यावर मिळेल ते काम करून त्यांनी तिन्ही मुलींना शिकवलं. रोज सकाळी विहारात वंदनेला जातात आणि परतताना आमच्याकडे चहा घेतात. मला खात्री होती की ते परदेशाच्या बाजूनं बोलतील. शिक्षणाचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. पण त्या आठवड्यात ते चहा पिऊन गप्प उठून जायचे. एकदा फक्त विचारलं की तिकडे प्यायचं पाणी कसं असतं, उकळावं लागतं काय. शेवटी प्रज्ञानंच त्यांना अडवलं. बाबा, तुम्ही काहीच काहून बोलत नाही, म्हणाली.

मामाजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मले विचारशील तर मी दोन्हीले नको म्हणीन. माझं वय झालं, मले तू इथं पाहिजे. म्हणून मले विचारू नको वं माय."

आणि टोपी घालून निघून गेले. आपल्याला काय वाटतं तेही सांगितलं आणि त्याचं ओझं तिच्यावर टाकायचंही नाकारलं. हे इतक्या सरळपणे करता येतं, हे मला माहीत नव्हतं. मला ते येत नव्हतं. माझ्याकडे एक तोडगा होता आणि मी तो पुनःपुन्हा पुढे करत होतो.

कळमेश्वर रस्त्याला आम्ही दोघांनी मिळून एक प्लॉट घेतला होता. तो विकायचा आणि दिल्लीचा खर्च भागवायचा, असा माझा हिशोब. मी तो तिला जेवताना सांगितला, गाडीवर सांगितला, फोनवर सांगितला. एका रविवारी संध्याकाळी ती म्हणाली, चला, विकायचा तर एकदा बघून तरी येऊ. मित्राला मध्ये बसवून आम्ही स्कूटरवर निघालो. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं आणि खालून वाफा लागत होत्या. प्लॉटवर गवत जळून पिवळं पडलं होतं. कोपऱ्यातले दगड आपलेच आहेत का शेजाऱ्याचे, यावर मी थोडा वेळ घालवला. मित्रा काहीतरी वेचत लांब गेली.

प्रज्ञा रस्त्याकडे पाठ करून उभी होती. म्हणाली, "एक विचारू? हा प्लॉट तू माझ्या शिक्षणासाठी विकून राहिला, की एका रात्रीच्या गाडीसाठी?"

मी खरं ते सांगितलं. "गाडीसाठी," म्हटलं. "तू एका रात्रीवर पाहिजे मले. त्यात काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. "पण मग मी ती गाडीच शिकीन मिलिंद. मित्राले ताप आला की गाडी, बाबा पडले की गाडी, तुझा सीझन आला की गाडी. अन् कोणी बोलावलं नाही तरी मीच बसून येईन. मले मी माहीत आहे."

मी म्हणालो, अन् तिकडे? तिकडे ताप आल्याचं कळलं तर काय करशील? एक ट्रक गेला, धूळ बसली. मग म्हणाली, "रडीन. दुसऱ्या दिवशी क्लासले जाईन."

परत येताना मित्रा आमच्या दोघांच्या मध्ये बसून विचारत होती. आई दिल्लीले गेली तर काय दर रविवारी येईल? प्रज्ञा मागून म्हणाली, दर रविवारी नाही जमणार, पण पुष्कळदा येईन मी. मित्रानं थोडा विचार केला असावा. म्हणाली, "येशील म्हणजे मग जाशील पण." त्यानंतर घरापर्यंत माझ्या पाठीला मित्राचं कपाळ टेकलेलं होतं आणि ते गरम होतं, उन्हानं, बाकी कशानं नाही.

मुदतीच्या दिवशी दुपारी सदरमधली वीज गेलेली होती. दुकानातले सगळे कूलर गप्प. कूलरच्या दुकानात वीज गेल्यावर जो उकाडा होतो त्याची कोणाला कल्पना येणार नाही. चारी बाजूंना गारव्याची यंत्रं आणि वाऱ्याची झुळूक नाही. प्रज्ञा बसस्टँडवरून थेट दुकानात आली. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, कूलरच्या एका रिकाम्या पत्र्याच्या बॉडीवर बसली, माठातलं पाणी प्यायली. मी समोर ताटी विणत होतो. तिनं मोबाइल काढला. मी मान वर केली नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "दूरचं घेतलं." मी बरं म्हणालो. दिल्लीला नकार कळवलास का, विचारलं. ती म्हणाली, तोच आधी कळवला, नाहीतर दूरचं घ्यायला हात धजला नसता. मग आम्ही दोघंही तिथंच बसून राहिलो. संध्याकाळी एका लग्नाच्या हॉलवर मला कूलर पोचवायचे होते. मी ते पोचवले, नवरदेवाकडच्यांनी आग्रह केला म्हणून जेवलोही. बँड वाजत होता. कोणीतरी मला विचारलं, घरी सगळं ठीक? हो म्हटलं.

ती पाऊस ओसरता ओसरता गेली. विमानतळावर मामाजी आले नाहीत. त्या सकाळी ते विहारात गेले आणि दुपारपर्यंत तिथंच बसून राहिले, असं नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं.

ती दोन वर्षं कशी गेली म्हणून विचारतात लोक. गेली. मित्राला ताप आला, उतरला. मी दोन वेण्या घालायला शिकलो, त्या वाकड्या यायच्या, मग मित्रानं आपले केस कापून घेतले. संध्याकाळी आम्ही व्हिडिओवर बोलायचो. तिच्या खिडकीत दुपारीच अंधार पडलेला असायचा आणि बाहेर बर्फ. आमच्याकडे डिसेंबरचं ऊन नुकतंच उतरलेलं. ती म्हणायची, इथं सगळं वेळेवर होतं, त्यानं जीव घाबरा होतो. तिनं तिथं उन्हाळ्यातल्या पोरांच्या जेवणावरच प्रबंध लिहायला घेतला होता. जिथं घाम म्हणजे काय हे कोणाला माहीत नाही, तिथं बसून ती कळमेश्वरची दुपार समजावून सांगत होती. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे येऊन गेली. ते फार वाईट गेले. मित्रानं म्हटलं होतं तसंच, येणं म्हणजे जाणंही होतं.

मागच्या वर्षी ती शिकून परत आली. आता नागपुरातच एका छोट्या अभ्यासगटात आहे, जो सरकारला अहवाल करून देतो. ठरवणाऱ्याच्या शेजारी अजून बसायला मिळालं नाही. ती म्हणते, आता निदान त्याच्या खोलीचा दरवाजा कुठं आहे ते कळलं. पगार आधीपेक्षा थोडा बरा आहे. दिल्लीला शिकली असती तर कदाचित आतापर्यंत आत असती, असं तिच्या जुन्या साहेबांनी ऐकवलं. असेल. मलाही कधीकधी वाटतं, मग वाटत नाही. आजही माझं मत एका दिवसात दोनदा बदलतं.

पण मला लिहायचं होतं ते वेगळंच. प्रज्ञा परत आली तेव्हा मित्रा तिच्याशी फार चांगली वागायला लागली. इतकी चांगली की मला भीती वाटायची. आईनं बॅग आवर म्हटलं की लगेच आवरायची. ताटात वाढलेलं सगळं संपवायची. आईच्या कपाटातून रुमाल घ्यायचा तर आधी विचारायची, घेऊ का. पाहुण्या आत्याशी वागावं तसं. प्रज्ञानं शाळेचा डबा भरायला घेतला तर म्हणायची, राहू दे आई, मी भरून राहिली ना. आणि खरंच भरायची, नीट, झाकण घट्ट लावून. प्रज्ञा ओट्याशी नुसती उभी राहायची. एकदा मला म्हणाली की हिनं काही मोडलं तरी चालेल मले. मी म्हटलं, वेळ लागेल. किती लागेल, ते मलाही माहीत नव्हतं. पूर्ण हिवाळा तसाच गेला.

परवाच्या रविवारी दुपारी मी घरचाच कूलर उघडून बसलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. मित्राला मैत्रिणीकडे जायचं होतं. प्रज्ञा आतून म्हणाली, डोक्याला दुपट्टा बांधून जा. मित्रा म्हणाली, नाही बांधत. प्रज्ञानं बाहेर येऊन तिच्या हातात दुपट्टा दिला. मित्रानं तो जमिनीवर टाकला.

"तू दोन वर्षं नव्हती," मित्रा म्हणाली, "तेव्हा कोण सांगत होतं मले बांधायला?"

तिचा आवाज असा चिरकला होता की तिची तीच दचकली. मग आतल्या खोलीत गेली आणि दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

मी पाना हातात धरून बसलो होतो. प्रज्ञा दुपट्टा उचलून, तो हाताभोवती गुंडाळत थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत आहे असं मला वाटलं नाही. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "बोलली एकदाची."

मग तिनं दार वाजवलं. आतून मित्रा ओरडली, येऊ नको. प्रज्ञा म्हणाली, येऊन राहिली मी, आणि आत गेली. त्यानंतर दोघींचे आवाज येत राहिले, एकावर एक चढलेले, कोणाचं काय ते कळू नये असे. मला गिऱ्हाइकाचा फोन येत होता. मी तो वाजू दिला.